खांबाआडची वाटी

मुंगी बाकावर उभी राहिली आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, त्यात तो नाहीये. त्या आपल्याच आहेत. नुसत्या."

पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे पोरांना पहिल्यांदा देवाचा प्रसाद मिळायचा, रविवार होता. पांढऱ्या कपड्यांतली पोरं रांगेत उभी होती, हात जोडून, केस पाण्याने चापून बसवलेले. मागे आया आणि मावश्या रुमाल काढून डोळे पुसायच्या तयारीत. फादर पायरीवर उभे राहून एकेकाच्या जिभेवर पिठाची पातळ चकती ठेवत होते. दर वेळी ते म्हणायचे, "ख्रिस्तशरीर." पोर म्हणायचं, "आमेन." त्यांच्या हातातली वाटी संपली, सेवकाने खांबाआडून दुसरी आणून दिली, आणि नेमकी तेव्हाच ही पाच वर्षंही न भरलेली कार्टी बाकावर चढली.

आईने तिला फ्रॉकला धरून खाली ओढलं. चार लोक हसले. एवढ्यावर निभावलं असतं. पण रांगेत पुढचा नंबर अध्यक्षीणबाईंच्या नातवाचा होता. अध्यक्षीणबाई महिला मंडळाच्या प्रमुख. चर्चमधला पंखा कुठल्या बाजूला फिरावा इथपासून फादरांनी प्रवचन कुठे आवरावं इथपर्यंत सगळं त्यांच्या भुवईवर चालायचं. त्यांच्या नातवाने जीभ बाहेर काढली होती, ती त्याने आत घेतली.

"ख्रिस्तशरीर," फादर म्हणाले.

"मुंगी म्हणते नाहीये," पोरगं म्हणालं आणि त्याने तोंड गच्च मिटलं.

फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. अध्यक्षीणबाई पुढे झाल्या, नातवाच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचं तोंड आपोआप उघडलं, आणि चकती आत गेली. डोळ्यांत पाणी आणून तो "आमेन" म्हणाला. त्याच्या मागची पोरं एकमेकांकडे बघत पुढे सरकली.

मुंगीची आई मान खाली घालून बसली होती. तिला मनातल्या मनात एकच दिसत होतं. आपलं बिऱ्हाड रस्त्यावर.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून एक लांबट खोली होती. तिला सगळे भट्टी म्हणायचे, जरी आत भट्टी कधीच नव्हती. होता तो एक जाड लोखंडी साचा, दोन तव्यांना बिजागरी लावावी तसा, आतून क्रूस कोरलेला. पीठ आणि पाणी. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. पातळ घोळ तापलेल्या लोखंडावर ओतायचा, वरचा तवा दाबायचा, कडेने फसकन वाफ सुटायची. निघालेला कागदासारखा पत्रा ओल्या फडक्यात मऊ होऊ द्यायचा, नाहीतर कापताना त्याचा भुगा होतो. मग धारेच्या नळीने गोल चकत्या पाडायच्या आणि चाळणीवर हलवून चुरा काढायचा. हे काम मुंगीची आई करायची, म्हणून तिचं नाव भट्टीवाली. कामाच्या बदल्यात तिला भट्टीच्या शेजारची खोली राहायला होती.

हे काम तिला दिराने मिळवून दिलं होतं. दीर म्हणजे चर्चचा सेवक. मेणबत्त्या लावायच्या, घंटा वाजवायची, किल्ल्या सांभाळायच्या. खिशात कायम काडेपेटी, म्हणून त्याला काडेपेटीच म्हणायचे. स्वभावही तसाच होता. घासला की भडकायचा आणि लगेच विझायचा.

भट्टीवालीचा देवाशी संबंध पिठापुरता होता. नवऱ्याच्या आजारपणात तिने या चर्चच्या फरशीवर गुडघे झिजवले होते. नवरा गेला. लोक म्हणाले, देवाची इच्छा. त्या दिवसापासून ती गुडघे टेकायची ते फक्त सांडलेलं पीठ भरायला.

मुंगीला तिने देवाचं काही शिकवलं नव्हतं. पोर दिवसभर भट्टीत तिच्या पायात असायची, कापून उरलेली कात्रणं साखर लावून खायची, आणि फरशीवर एक कण राहू द्यायची नाही. तिचं नाव मुंगी पडलं ते त्यावरून. पण मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, घंटा वाजली आणि फादरांनी चकती वर उचलली की ती हात हलवायची. मामा दारात आला की हलवावा तसा.

"आला," म्हणायची.

"कोण आला?"

"तो."

भट्टीवाली चिडायची. "अगं येडे, ती मी काल केलीय. तू शेजारीच बसली होतीस, नाक पुसत."

"काल आपली होती," मुंगी म्हणायची. "आता त्याची आहे." आणि एवढी साधी गोष्ट आईला कळत नाही म्हणून तिच्याकडे जरा दयेने बघायची.

त्या रविवारी दुपारी काडेपेटी भट्टीच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"वहिनी, थोड्या चकत्या आणखी द्या. संध्याकाळच्या मिस्सेला कमी पडतील."

भट्टीवाली साचा पुसत होती. तिचा हात थांबला. "कमी कशा पडतील? संध्याकाळची वाटी मी सकाळीच काठोकाठ भरून तयारीच्या खोलीत ठेवली."

"हो, पण आता..."

"आता काय, भावोजी? उंदीर आले आणि प्रसाद घेऊन गेले?"

काडेपेटी हसला नाही. खिशातली पेटी काढून बोटांत फिरवायला लागला. भट्टीवालीने फडकं खाली ठेवलं.

खांबाआड दोन जागा होत्या. एक छोटा, माणूस आत उभा राहील एवढा कोनाडा, तिथे सोनेरी पेटी, तिच्याजवळ तांबडा दिवा कायम तेवत असतो. आधीच्या मिस्सेत फादरांनी आशीर्वादाचे शब्द म्हणून ख्रिस्तशरीर केलेल्या चकत्या त्या पेटीत, कुलपात. चकत्या कमी पडल्या तर तिथून आणायच्या. दुसरी जागा तयारीची खोली. तिथे टेबलावर भट्टीतून आलेल्या कोऱ्या चकत्या. दोन्हीकडच्या वाट्या सारख्याच.

"पेटीची किल्ली सापडेना," तो हळू आवाजात म्हणाला. "फादर डोळ्यांनी खुणावत होते. पोरं जीभ काढून उभी. मी काय करणार होतो? टेबलावरची उचलली आणि दिली. पीठच आहे ना वहिनी दोन्हीकडे. तुम्हीच म्हणता."

ती तसं म्हणायची खरी. पण आत्ता तिला ते ऐकवेना.

"फादरांना सांगितलं?"

"वेड लागलंय का? त्या बाई मला जिवंत सोडतील? आणि मी गेलो तर तुम्ही कुणाच्या भरवशावर इथे?" पेटी खिशात घालत तो म्हणाला, "पोरीला गप्प करा. पोर आहे, बरळली. दोन दिवसांत लोक विसरतील."

लोक विसरले नाहीत, कारण अध्यक्षीणबाईंनी विसरू दिलं नाही. सोमवारी सकाळी त्या स्वतः भट्टीत आल्या. बसायला दिलेल्या स्टुलावर आधी फडकं मारून घेतलं, मग बसल्या.

"नातू रात्रभर रडला," त्या म्हणाल्या. "विचारतो, आजी, मला देव मिळाला की नाही? बाकीच्या पोरांच्या आया मला फोन करतायत. तुझ्या लेकीने हे काय पसरवलंय?"

"लहान आहे, बाई."

"लहान आहे म्हणूनच विचारते, तिच्या तोंडी हे घातलं कुणी? असलं पोरांना आपोआप सुचत नाही." त्यांनी साच्याकडे पाहिलं, मग पडद्यापलीकडच्या खोलीकडे. "तुझं दुःख आम्हाला माहीत आहे. देवावर राग असतो माणसाचा. पण त्यासाठी लेकराच्या तोंडून पवित्र वस्तूची टिंगल?"

दिराने वाटी बदलल्याचं भट्टीवालीच्या तोंडाशी आलं होतं. जिभेच्या टोकावर. तिने ते गिळलं.

"बुधवारी दुपारी तयारीच्या खोलीत तिला घेऊन ये. फादरांसमोर सांगू दे, मी खोटं बोलले म्हणून. मग रविवारी माइकवर, सगळ्या पोरांसमोर. विषय संपला." उठताना त्या म्हणाल्या, "नाहीतर ही खोली मंडळाला तशीही हवी आहे. जास्तीच्या खुर्च्या ठेवायला जागा नाही."

त्या गेल्यावर भट्टीवाली हिशोब करत बसली. एका पारड्यात खोली, काम, दिराची नोकरी. दुसऱ्यात तीन शब्द, तेही एका लेकराचे, ज्याला त्यांचा अर्थही धड माहीत नाही. यात विचार करण्यासारखं होतं तरी काय? गरिबाला खरं बोलणं परवडतं कधी? ज्यांच्या घरात खुर्च्या जास्त होतात त्यांनी खरं बोलावं.

तरी एक गोष्ट तिला कुरतडत होती. पोरीला कळलं कसं?

नक्की काकाला बघितलं असणार. तयारीच्या खोलीतून वाटी घेऊन येताना. असं असेल तर सगळं सरळ होतं, मग पोर फक्त चौकस होती. दुपारी चर्च रिकामं असताना ती गेली आणि मुंगीच्या जागेवर बसली. मग खाली सरकली, डोळे मुंगीच्या उंचीला येतील अशी. समोर वेदी, वेदीच्या कापडाची झालर, आणि उजवीकडे तो खांब, हत्तीच्या पायासारखा. इकडून तिकडून मान वळवून बघितलं. बाकावर उभी राहिली, पोर उभी राहिली होती तशी. कोनाडा दिसेना. तयारीच्या खोलीचं दार दिसेना. वाटी कुठूनही आणली तरी ती खांबामागूनच येणार.

भट्टीवाली बाकावरून उतरली. तिच्या अंगावर काटा आला होता, आणि तिला त्याचाच राग आला.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली.

"म्हण, मी खोटं बोलले."

"पण मी नाही बोलले."

"मला माहितीय. तरी म्हण."

"का?"

"काकासाठी. आपल्या खोलीसाठी."

मुंगीने विचार केला. "काकाने केलं का ते?"

"कुणी काही केलं नाही."

"मग तो का नव्हता त्यात?"

"तुला कसं कळलं नव्हता ते?" भट्टीवालीने तिचे दोन्ही खांदे धरले. "खरं सांग. काय दिसलं तुला?"

"काही नाही दिसलं," मुंगी म्हणाली. "रिकामं वाटलं. बाबांचा शर्ट खुंटीवर असतो ना, तसं."

भट्टीवालीचा हात उठला आणि पोरीच्या गालावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा. मुंगी रडली नाही, दचकून बघत राहिली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. मग हळूच म्हणाली, "म्हणते मी. तू नको मारू."

तिने म्हणून दाखवलं. न अडखळता. भट्टीवालीने तिला साखर लावलेली कात्रणं दिली. मुंगीने ती हातात धरली, खाल्ली नाहीत.

बुधवारी दुपारी तयारीच्या खोलीत उकडत होतं. फादर खुर्चीत बसले होते, कपाळाचा घाम पुसत. माणूस वाईट नव्हता. नियमाचा पक्का होता, आणि वाद मिटलेला आवडायचा. अध्यक्षीणबाई खिडकीपाशी. काडेपेटी कपाटाला पाठ लावून, जणू तो बाजूला झाला तर कपाट बोलायला लागेल. टेबलावर वाटी, तिच्यावर फडकं. कोनाड्याकडचं दार उकाड्यामुळे उघडं ठेवलेलं, आतून तांबडा उजेड.

"बाळ, इकडे ये," फादर म्हणाले. "घाबरू नको. रविवारी तू काहीतरी म्हणालीस ना?"

मुंगीने मान हलवली.

"बघा बाई," ते भट्टीवालीला म्हणाले, "आम्ही कम्युनियन पोर थोडं मोठं झाल्यावर देतो ते उगाच नाही. समज यावी लागते. हिचा दोष नाही. पण बाकीच्या पोरांच्या मनात शंका राहायला नको. हं, बाळ, सांग."

काडेपेटीच्या हातातली पेटी खुळखुळली आणि थांबली. बोल, भट्टीवाली मनात म्हणत होती. बोल आणि संपव.

मुंगीने आईकडे एकदा पाहिलं. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "माफ करा."

"शाब्बास," फादर म्हणाले आणि त्यांचे खांदे खाली आले. "शहाणी मुलगी."

"रविवारी असंच मोठ्याने," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आणि हात मागे बांधून. ते नाकात बोट नको."

काडेपेटीने श्वास सोडला. सगळे एकदम बोलायला लागले, उकाड्याबद्दल, माइकच्या वायरीबद्दल. वाद टळला की माणसं अशीच बोलतात. त्या गडबडीत मुंगी उघड्या दारातून कोनाड्यात गेली. तिथे टाचा उंचावून तिने सोनेरी पेटीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं तोंड नेलं. तिला वाटलं आपण कुजबुजतोय. एवढ्याशा पोराची कुजबूज खोलीभर ऐकू जाते.

"ए. मी तिकडे खोटं बोलले आत्ता. आईने सांगितलं म्हणून." ती थांबली. "तू आईवर रागावू नको हं. तिला तू दिसत नाहीस ना, म्हणून."

सगळे कोनाड्याकडे वळले.

भट्टीवाली उभी होती तिथेच उभी राहिली. नवऱ्याच्या मयताला ती रडली नव्हती, आताही रडली नाही. पण तिच्या आत काहीतरी, इतके दिवस दातओठ खाऊन दाबून धरलेलं, साच्याच्या कडेने वाफ सुटावी तसं सुटलं.

"फादर," ती म्हणाली, "रविवारी ही खोटं बोलली नाही. आत्ता बोलली. मी शिकवलेलं."

"बाई, ती लहान आहे, तिला समज..."

"मला आहे ना समज? मग माझं ऐका. ही वाटी मी रविवारी सकाळी काठोकाठ भरून या टेबलावर ठेवली. दुपारी मला आणखी चकत्या मागितल्या गेल्या. मधल्या वेळात त्या कुठे गेल्या ते मी नाही सांगणार. माझ्या तोंडून तेवढं वदवू नका."

तिने दिराकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

काडेपेटी आधी भडकला. "वहिनी, मी तुम्हाला आसरा दिला..." आणि लगेच विझला. चेहरा राखेसारखा झाला. "किल्ली सापडेना, फादर," तो म्हणाला. "नंतर सापडली. दुसऱ्या खिशात होती."

फादरांनी वाटीवरचं फडकं उचलून आत बघितलं आणि परत झाकलं. मग ते खुर्चीतून उठले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"शेवटच्या पोरांना मी ख्रिस्तशरीर म्हणालो," ते म्हणाले. "आणि हातात पीठ होतं."

अध्यक्षीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला. "माझ्या नातवाने तोंड मिटलं होतं. मी चिमटा काढला." त्या क्षणभर खरोखरच आजीसारख्या दिसल्या. मग पदर सावरला आणि त्या पुन्हा अध्यक्षीणबाई झाल्या. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये. फोटो वाटून झालेत."

"त्या पोरांना पुन्हा द्यावं लागेल," फादर म्हणाले.

"लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते."

कोनाड्यातून मुंगी परत आली आणि आईच्या साडीत तोंड घालून उभी राहिली. आपल्यामुळे काहीतरी मोडलं एवढं तिला कळत होतं. काय, ते नाही.

फादरांनी रविवारी वेदीवरून सांगितलं की चूक झाली होती आणि चूक त्यांची होती. काडेपेटीचं नाव त्यांनी घेतलं नाही. एवढं मोठेपण त्या माणसात निघालं. पण मंडळाची बैठक त्याआधीच झाली होती. चकत्या यापुढे मशीनवर केलेल्या मागवायच्या, बंद पाकिटात, हात न लागलेल्या. भट्टी आणि शेजारची खोली महिनाअखेर रिकामी करायची, खुर्च्यांसाठी. फादर भांडले आणि हरले. भट्टीवालीने खोटं शिकवलं ते मंडळाने एका वाक्यात माफ केलं. खरं बोलली, ते नाही. तिने कुणाच्या पाया पडायचं नाही असं ठरवलं आणि पडली नाही. कुठे जायचं हे तिला त्या रविवारीही माहीत नव्हतं.

त्या पोरांसाठीच्या चकत्या मात्र तिनेच केल्या. शेवटची खेप. मुंगी फरशीवरचे कण वेचत होती आणि गालावर पीठ होतं, बरोबर तिथे, जिथे मार बसला होता. भट्टीवालीने ते बोटाने पुसलं आणि बोट थोडा वेळ तिथेच ठेवलं.

मिस्सेला ती मुंगीला मांडीवर घेऊन त्याच बाकावर बसली. वेदीच्या पायरीशी काडेपेटी घंटा घेऊन गुडघ्यांवर होता. बुधवारपासून तो वहिनीशी शब्दही बोलला नव्हता. फादरांनी चकती हातात घेतली. काडेपेटीने घंटा उचलली, पण वाजवली नाही. मान वळवून त्याने मुंगीकडे पाहिलं, परीक्षेला बसलेल्या पोराने मास्तरांकडे बघावं तसं. मग वाजवली.

चकती वर गेली. भट्टीवालीने बघितली. तिचीच होती, एका कडेला जरा जास्त भाजलेली. आणखी काही दिसलं नाही. मांडीवरची पोर मात्र हात हलवत होती, अख्खा दंड हलेल इतका.

"आला?" भट्टीवालीने विचारलं. चिडून नाही.

मुंगीने वेदीवरची नजर न काढता दुसरा हात आईच्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल," ती म्हणाली.